गोंगाटातून निरोप पोचवणारा माणूस

नेट स्लो आहे, रेंज गेली, डेटा संपला, पिंग वाढला. कॉलेजच्या कट्ट्यावर दिवसभरात यातलं एकही वाक्य कानावर पडलं नाही असं होत नाही. बिट, बँडविड्थ, सिग्नल, नॉइज हे शब्द आपण चहाच्या ऑर्डरइतक्या सहज वापरतो. हे सगळे शब्द एका धाग्यात ओवून त्यांचं गणित मांडणाऱ्या माणसाचं नाव बहुतेकांनी ऐकलेलं असतं, पण तेवढंच. कम्प्युटर-आयटीवाल्यांना तो व्हायवापुरता ठाऊक असतो. आम्हा मास कॉमवाल्यांना तो ‘शॅनन-वीव्हर मॉडेल’ म्हणून पाच मार्कांच्या टिपेत भेटतो. क्लॉड शॅनन. २४ फेब्रुवारी २००१ ला तो गेला, तेव्हा आज एफवायला बसलेल्यांपैकी बहुतेक कोणी जन्मलेलंही नव्हतं. त्या टिपेच्या बाहेरचा शॅनन फार भन्नाट होता, म्हणून आज त्याची गोष्ट.

काटेरी तारेवरचा टेलिग्राफ

शॅननचा जन्म ३० एप्रिल १९१६ चा, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातला. गेलॉर्ड नावाच्या छोट्या गावात तो वाढला. वडील व्यवसाय सांभाळायचे आणि तिथल्या कोर्टात न्यायाधीशही होते. आई भाषा शिकवायची, पुढे गावातल्या हायस्कूलची मुख्याध्यापिका झाली. थोरली बहीण कॅथरीन गणितात हुशार. धाकट्या क्लॉडला मात्र वस्तू उघडून बघायचा नाद. रेडिओ दुरुस्त करायचे, खेळण्यातली विमानं बनवायची, वेस्टर्न युनियनच्या तारा घरोघरी पोचवायच्या, असे त्याचे उद्योग. एडिसन हा त्याचा हिरो. तो आपला लांबचा नातेवाईक लागतो हे त्याला बऱ्याच वर्षांनी कळलं.

त्याचा एक मित्र साधारण अर्ध्या मैलावर राहायचा. त्याच्याशी बोलायला पोरांनी टेलिग्राफची लाइन टाकली. वायर आणायला पैसे कुठले? मग शेताच्या कुंपणाची काटेरी तार कामाला आली. आपल्या विषयाचा पहिला धडा इथेच आहे. ज्यातून निरोप जातो ते माध्यम म्हणजे चॅनेल. मग ते तांब्याची वायर असो, हवा असो, केसाएवढ्या काचेचा ऑप्टिकल फायबर असो, नाहीतर गुरं अडवायला लावलेलं कुंपण.

‘याचा उपयोग काय?’

१९३६ मध्ये शॅननने मिशिगन विद्यापीठातून इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंग आणि गणित अशा दोन पदव्या एकदम घेतल्या. तिथे शिकताना त्याची जॉर्ज बूलच्या तर्कशास्त्राशी गाठ पडली होती. एकोणिसाव्या शतकातल्या या गणितज्ञाने खरं-खोटं, ‘आणि’, ‘किंवा’, ‘नाही’ यांचं बीजगणित तयार केलं होतं. याचा उपयोग काय, हा आपला लाडका प्रश्न तेव्हाही विचारता आला असता आणि उत्तर होतं, फारसा काही नाही.

मग तो एमआयटीत गेला. तिथे व्हॅनेव्हर बुश यांचं खोलीभर पसरलेलं गणिती यंत्र होतं, डिफरन्शिअल अॅनालायझर. ते चालवणं ही शॅननची नोकरी. त्या यंत्राच्या कंट्रोलमध्ये रिले, म्हणजे विजेवर उघडझाप होणारे खटके होते. खटका एकतर चालू, नाहीतर बंद. तिसरी शक्यताच नाही. शॅननच्या डोक्यात बूल आणि खटका एकत्र आले. चालू म्हणजे १, बंद म्हणजे ०. दोन खटके एकापुढे एक जोडले की ‘आणि’, शेजारी-शेजारी जोडले की ‘किंवा’. म्हणजे सर्किट हे गणिताने लिहिता येतं आणि उलट, तर्क हा सर्किटने चालवता येतो.

हे त्याने १९३७ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, मास्टर्सच्या प्रबंधात मांडलं. आपण त्या वयात सबमिशनच्या आदल्या रात्री इंडेक्स काढत असतो! आजचा प्रत्येक प्रोसेसर, प्रत्येक राउटर, प्रत्येक स्विच याच पायावर उभा आहे. पुढे १९४० मध्ये त्याने डॉक्टरेट केली, तीही जनुकशास्त्राच्या गणितावर. ते काम त्याने पुढे नेलंच नाही. एक कोडं सुटलं की दुसरं घ्यायचं, हा स्वभाव शेवटपर्यंत टिकला.

युद्ध आणि गुपितं

खासगी आयुष्यात सगळं असं सरळ चाललं नव्हतं. १९४० मध्ये त्याचं नॉर्मा लेव्होरशी लग्न झालं आणि साधारण वर्षभरात मोडलं. १९४१ मध्ये तो बेल लॅब्जमध्ये रुजू झाला. टेलिफोन कंपनीची ही संशोधन संस्था. बाहेर महायुद्ध पेटलेलं. विमानावर तोफ नेमकी कशी रोखायची आणि शत्रूला न कळता निरोप कसा धाडायचा, ही दोन कामं तिथल्या गणितज्ञांकडे होती.

१९४३ च्या सुरुवातीला ब्रिटनहून अॅलन ट्युरिंग बेल लॅब्जमध्ये आला होता. दोघं कँटीनमध्ये चहाच्या वेळी भेटायचे. दोघंही सांकेतिक लिपीवर काम करत होते आणि नेमकं त्यावरच बोलायची दोघांनाही मनाई होती. त्यामुळे ते यंत्राला विचार करता येईल का, यावर गप्पा मारायचे. एआयचा कट्टा ८० वर्षांपूर्वीच भरला होता म्हणायचं!

गुप्त निरोपांवरच्या कामातून शॅननने एक गोष्ट सिद्ध केली. किल्ली पूर्णपणे यदृच्छ असेल, निरोपाइतकीच लांब असेल आणि एकदाच वापरली जाईल, तर ते कुलूप कोणालाच फोडता येणार नाही. एन्क्रिप्शन या शब्दाला गणिताचा कणा मिळाला तो इथे. पण त्याच्या डोक्यात त्याहून मोठं काहीतरी शिजत होतं. शत्रूपासून निरोप लपवणं आणि खरखरीतून निरोप वाचवणं, ही एकाच नाण्याची दोन टोकं होती.

ओरडून उपयोग नाही

शॅननच्या आधी काय परिस्थिती होती, ते एका फजितीवरून समजेल. ऑगस्ट १८५८ मध्ये अटलांटिक महासागराखालून पहिली टेलिग्राफ केबल सुरू झाली. राणी व्हिक्टोरियाने अमेरिकेच्या अध्यक्षांना पाठवलेला ९८ शब्दांचा संदेश पोचायला सुमारे १६ तास लागले. सिग्नल फारच क्षीण येत होता. मग वाइल्डमन व्हाइटहाउस नावाच्या इलेक्ट्रिशियनने सोपा उपाय केला. दाब वाढवला, सुमारे २,००० व्होल्टपर्यंत. आधीच कमजोर असलेली केबल काही आठवड्यांतच कायमची गप्प झाली. ऐकू येत नाही? मोठ्याने ओरडा. एवढीच समज होती.

जुलै आणि ऑक्टोबर १९४८ अशा दोन भागांत बेल लॅब्जच्या नियतकालिकात शॅननचा लेख आला, ‘अ मॅथेमॅटिकल थिअरी ऑफ कम्युनिकेशन’. तो ३२ वर्षांचा होता. लेखाच्या सुरुवातीलाच एक साधी आकृती आहे. निरोप देणारा म्हणजे सोर्स, त्याचा सिग्नल करणारा ट्रान्समिटर, मध्ये चॅनेल, त्या चॅनेलवर बाहेरून येऊन पडणारा नॉइज, मग रिसीव्हर आणि शेवटी डेस्टिनेशन. टेलिफोन, तार, रेडिओ, टीव्ही सगळे या एका आकृतीत बसले. (मास कॉमच्या मित्रांनो, फीडबॅकचा बाण या आकृतीत नाही. तो पुढच्या मॉडेल्सनी जोडला. पेपरात नीट लिहा!)

मग प्रश्न आला, माहिती मोजायची कशात? त्याचं उत्तर म्हणजे बिट. हा शब्द सुचवला त्याचा सहकारी जॉन ट्यूकी याने, छापील लेखात तो आणला शॅननने. हो किंवा नाही, या दोन सारख्याच शक्यतांमधून एक ठरली की एक बिट माहिती मिळाली. वर्गात आठ बाक आहेत आणि तुमची चावी त्यातल्या एकावर राहिलीय. पुढच्या चारांत का? त्यातल्या पहिल्या दोनांत का? त्यातल्या पहिल्यावर का? तीन प्रश्नांत बाक सापडतो. म्हणजे तीन बिट.

यातली खरी गंमत म्हणजे शॅननने माहितीचं नातं आश्चर्याशी जोडलं. जुलैमध्ये कोकणात पाऊस पडला, यात बातमी काहीच नाही. फेब्रुवारीत पडला तर पहिलं पान. जे आधीच ठाऊक होतं त्यातून माहिती जवळपास शून्य मिळते, अनपेक्षित गोष्टीतून भरपूर. एखाद्या स्रोतातून सरासरी किती आश्चर्य येतं, त्या मापाला त्याने एन्ट्रोपी म्हटलं.

हे वाचून बघा: उद्य सबमशन आह, फईल आणयल वसर नक.

कळलं ना? काना, मात्रा, वेलांट्या सगळ्या काढल्या तरी कळलं. कारण भाषेत गरजेपेक्षा जास्त खुणा असतात. याला म्हणतात रिडंडन्सी. इंग्रजीत ती साधारण निम्मी आहे, असा अंदाज शॅननने मांडला होता. पुढे तर त्याने एक डिटेक्टिव्ह कादंबरी काढून बायकोलाच पुढचं अक्षर ओळखायला बसवलं आणि त्यावरून गणित केलं. ही बायको म्हणजे बेटी मूर. तीही बेल लॅब्जमधली गणितज्ञ, १९४९ मध्ये त्यांचं लग्न झालं होतं. शॅननला लिहायचा कंटाळा. तो सांगायचा, ती लिहून घ्यायची, सुधारायची. एकट्याच्या नावावर असलेल्या कामात असा दुसरा हात असतो, तो विसरायला नको.

फालतू रिडंडन्सी काढून टाकली की कॉम्प्रेशन होतं, आपली झिप फाइल होते. उलट, मोबाइल नंबर घ्या. त्यात रिडंडन्सी नाही. दहापैकी एक आकडा चुकला की फोन भलत्यालाच. मग उपाय? हिशोबाने थोडी रिडंडन्सी मुद्दाम घालायची, म्हणजे चूक झालेली कळेल आणि दुरुस्तही होईल. हे एरर करेक्शन. चहाच्या टपरीवरचा क्यूआर कोड फाटलेला असतो, त्यावर डाग पडलेले असतात, तरी पेमेंट होतं. त्यामागे १९६० मध्ये रीड आणि सॉलोमन यांनी शोधलेला कोड आहे. सर्वांत जास्त संरक्षण घेतलं तर क्यूआर कोडचा साधारण ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो.

वेगाची लक्ष्मणरेषा

शॅननचा सगळ्यात मोठा दावा पुढे आहे. त्याने सिद्ध केलं की प्रत्येक चॅनेलला वेगाची एक ठराविक मर्यादा असते. तिला चॅनेल कपॅसिटी म्हणतात. ती दोन गोष्टींवर ठरते. पहिली, बँडविड्थ, म्हणजे किती रुंद फ्रिक्वेन्सीचा पट्टा मिळालाय. दुसरी, नॉइजच्या तुलनेत सिग्नल किती जोरात आहे. या मर्यादेच्या आत राहिलात तर, कितीही खरखर असली तरी, योग्य कोड वापरून चुका हव्या तितक्या कमी करता येतात. मर्यादा ओलांडलीत, तर जगातला कुठलाच कोड वाचवू शकत नाही. तोवर इंजिनीअरांची समजूत अशी होती की चुका कमी करायच्या तर वेग उतरवत राहायचा, दुसरा मार्ग नाही. शॅननने ती मोडून काढली.

आकड्यांत बघू. जुन्या टेलिफोन लाइनची बँडविड्थ धरा ३,००० हर्ट्झ आणि सिग्नल नॉइजच्या १,००० पट. शॅननच्या सूत्राने दर हर्ट्झमागे सेकंदाला सुमारे १० बिट मिळतात, म्हणजे एकूण ३०,००० बिट प्रति सेकंद. आपल्या आईबाबांच्या काळातले किर्रर्र आवाज करणारे डायल-अप मोडेम आठवा. लाइन थोडी बरी असली की ते ३३.६ केबीपीएसला पोचायचे आणि तिथेच अडकायचे. त्यांच्यापुढे शॅननची भिंत उभी होती. नंतरच्या ५६केच्या मोडेमने पलीकडची बाजू थेट डिजिटल ठेवून नॉइजच कमी केला, तेव्हा कुठे वेग वाढला.

आता व्हाइटहाउससारखं ओरडून बघू. सिग्नलची ताकद दुप्पट केली, तर १० च्या जागी मिळतात ११ बिट. मेहनत दुप्पट, फायदा दहा टक्के. पण सिग्नल आणि नॉइजचं प्रमाण तेच ठेवून बँडविड्थ दुप्पट केली, तर वेगही दुप्पट. नव्या पिढीचं नेटवर्क आलं की रुंद स्पेक्ट्रमसाठी कंपन्यांची एवढी झुंबड का उडते, ते यावरून लक्षात येईल.

शॅननने भिंत दाखवली, तिच्यापर्यंत जायचा रस्ता मात्र सांगितला नाही. असा कोड असतो एवढंच त्याने सिद्ध केलं होतं. तो शोधायला पुढच्यांची अनेक वर्षं गेली. बेल लॅब्जमधला रिचर्ड हॅमिंग, एमआयटीतला रॉबर्ट गॅलागर, १९९३ मधले टर्बो कोड अशी ही रांग आहे. गॅलागरने १९६० मध्ये प्रबंधात मांडलेले कोड तेव्हाच्या कम्प्युटरना झेपणारे नव्हते, म्हणून ते बाजूला पडले. आज ५जीचा डेटा त्याच घराण्यातल्या कोडवर चालतो.

लाटेवर न बसलेला माणूस

लेखाने शॅनन एकदम प्रसिद्ध झाला. १९४९ मध्ये वॉरन वीव्हरच्या प्रस्तावनापर निबंधासह त्याचं पुस्तक झालं. मानसशास्त्र, अर्थशास्त्र, जीवशास्त्र, जो तो इन्फर्मेशन थिअरी आपल्या विषयाला चिकटवू लागला. एखाद्याने या लाटेवर आयुष्य काढलं असतं. शॅननने १९५६ मध्ये छोटासा लेख लिहून सगळ्यांना आवरायला सांगितलं. हे इंजिनीअरिंगच्या प्रश्नाचं गणित आहे, प्रत्येक कुलपाची किल्ली नाही, असं त्याचं म्हणणं.

हे म्हणणं आज जास्त टोचतं. कारण पहिल्याच पानावर त्याने स्पष्ट केलं होतं, निरोपाचा अर्थ काय, याच्याशी इंजिनीअरिंगला देणंघेणं नाही. बिट पोचले की काम झालं. अर्थ बाजूला ठेवला म्हणूनच हे गणित जमलं. पण त्याचा दुसरा अर्थ असा, की नेटवर्कला खरी बातमी आणि अफवा सारखीच. व्हॉट्सअॅपवरचा खोटा फॉरवर्डही एकही बिट न चुकता, अगदी अचूक पोचतो. शॅननच्या भाषेत तो नॉइज नाहीच. तो गाळायचं काम कुठल्याही एरर करेक्शनने होणार नाही, ते पाठवणाऱ्याने आणि वाचणाऱ्यानेच करायचं. पत्रकारिता शिकताना हे मला शंभर लेक्चरपेक्षा जास्त कळलं.

बाकी शॅनन आपल्या खेळण्यांत रमला. टेलिफोनच्या रिलेवर चालणारा, भुलभुलैयातून वाट शोधून ती लक्षात ठेवणारा ‘थिसियस’ नावाचा उंदीर त्याने बनवला. कम्प्युटरने बुद्धिबळ कसं खेळावं यावर १९५० मध्ये लेख लिहिला. बेल लॅब्जच्या कॉरिडॉरमधून तो एकचाकी सायकल चालवायचा, चेंडू उडवत झेलायचा, पुढे त्या झेलाझेलीचंही त्याने गणित मांडलं. १९६१ मध्ये एड थॉर्पसोबत अंगावर लपवायचा, सिगारेटच्या पाकिटाएवढा कम्प्युटर करून तो लास व्हेगासला रूलेट खेळायला गेला. अंदाज बरोबर येत होते, पण कानातली बारीक वायर सारखी तुटायची. म्हणजे चॅनेलच दगा देत होता!

१९५८ पासून तो एमआयटीत प्राध्यापक होता, १९७८ मध्ये निवृत्त झाला. लेख लिहिणं त्याने बरंच आधी कमी केलं होतं. एवढ्या हुशार माणसाने उरलेली वर्षं खेळण्यांत घालवली, असं काहींना वाटतं. पण मूळ कामही याच खेळकर डोक्यातून आलं होतं. तो कशाच्या उपयोगाचा विचार करून सुरुवात करत नसे. कोडं आवडलं, एवढं कारण त्याला पुरायचं.

शेवट मात्र चटका लावणारा. १९८० च्या दशकात त्याची स्मृती सुटायला लागली. अल्झायमर. ऑक्टोबर २००० मध्ये गेलॉर्ड गावात त्याचा पुतळा बसवला गेला, तेव्हा तो तिथे जायच्या अवस्थेत नव्हता. मॅसेच्युसेट्समधल्या एका नर्सिंग होममध्ये तो ८४ व्या वर्षी गेला. बाहेर घराघरांत इंटरनेट पोचत होतं. ज्याने माहिती मोजायला शिकवली, त्याला आपल्या गणितावर उभं राहिलेलं हे जग धड बघता आलं नाही. बेटी शेवटपर्यंत सोबत होती.

चौकट: व्हायवाला विचारलं तर...

बिट आणि बाइट: ८ बिट म्हणजे १ बाइट. नेटचा प्लॅन मेगाबिटमध्ये असतो, फाइल मेगाबाइटमध्ये. त्यामुळे १०० एमबीपीएसच्या प्लॅनवर सेकंदाला जास्तीत जास्त १२.५ मेगाबाइट उतरतात. कंपनी फसवत नाहीये, ८ ने भागायचं राहिलंय.

बँडविड्थ: मूळ अर्थ फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्याची रुंदी, मोजमाप हर्ट्झमध्ये. बोलताना आपण वेगालाच बँडविड्थ म्हणतो, पण पेपरात फरक लिहा.

थ्रूपुट: प्रत्यक्षात मिळालेला वेग. प्लॅनवर छापलेला वेगळा, हॉस्टेलच्या कोपऱ्यातल्या खोलीत मिळणारा वेगळा.

लेटन्सी: निरोप पोचायला लागणारा उशीर. गेम खेळताना दिसणारा पिंग म्हणजे निरोप जाऊन परत यायला लागलेला वेळ. रस्ता आठपदरी असला म्हणून पुण्याहून नागपूर जवळ येत नाही, तसंच बँडविड्थ वाढली म्हणून पिंग कमी होईलच असं नाही.

नॉइज: सिग्नलमध्ये घुसलेली, कोणी न पाठवलेली गडबड. शेजारचा मायक्रोवेव्ह सुरू झाला की वाय-फाय रडतं, ते याच जातीचं.

एरर करेक्शन: निरोपासोबत हिशोबाने जोडलेले जादा बिट, ज्यांच्यावरून चूक सापडते आणि सुधारता येते. फाटका क्यूआर कोड स्कॅन झाला, की याची आठवण काढा.